पाणी पाजल्यावरही कानस चावते आणि पातं वाकतं: स्प्रिंगच्या पाट्यातून सुरी करताना

प्रश्न थोडक्यात असा: ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून सुरीचं पातं घडवलं, घासून आकार दिला, गॅसच्या भट्टीत लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवलं आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये बुडवलं. आता धारेवर कानस चावते, म्हणजे धार मऊ लागते, आणि पातं टोकाकडे सुमारे ३ मिमी वाकलं आहे. पुन्हा तापवून या वेळी पाण्यात बुडवू का?

पाण्यात बुडवू नका. या कामाला आपण ‘पाणी पाजणं’ म्हणतो खरं, पण स्प्रिंगचं पोलाद तेलासाठी बनवलेलं असतं. पाण्यात ते इतक्या झपाट्यानं थंड होतं की पातळ धार आधी आक्रसते आणि जाड पाठ मागे राहते. मग ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि धारेला काटकोनात चीर पडते. चीर गेलेल्या पात्यावर पुढे काही इलाज नाही. वाकलेलं आणि मऊ राहिलेलं पातं मात्र अजून तुमच्या हातात आहे.

भट्टी पेटवण्याआधी एक तपासणी करा. भट्टीत असताना पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो. हा मऊ थर ०.१ ते ०.३ मिमी जाड असू शकतो, आणि पाट्याच्या पोलादात सिलिकॉन जास्त असेल तर तो आणखी लवकर तयार होतो. त्यामुळे कानस त्या मेलेल्या कातडीला चावत असेल, आतलं पोलाद कडक असेल. धारेच्या एका जागी १२० नंबरच्या पेपरनं, मध्येमध्ये पाण्यात बुडवत, साधारण ०.३ मिमी माल काढा आणि तिथे पुन्हा कानस लावा. बारीक दातांची, चांगली कानस घ्या आणि हलक्या हातानं पुढे सरकवा. काचेवरून फिरल्यासारखी घसरली तर पातं नीट पाणी प्यालेलं आहे आणि तुमचा प्रश्न फक्त वाकाचा उरला. अशी कितीतरी चांगली पाती निष्कारण पुन्हा भट्टीत जातात आणि दुसऱ्या खेपेला पोलादाच्या आतला दाणा मोठा होऊन बिघडतात. कातडीखालीही कानस चावत असेल तर पुढचं वाचा.

पहिला संशय तापमानावर. लोहचुंबक सुटतं ते साधारण ७७० अंश सेल्सिअसला. १०८४ क्रमांकाच्या प्रतीसारख्या साध्या कार्बन पोलादाला त्यापुढे जेमतेम ३०-४० अंश लागतात, म्हणून ‘चुंबक सुटलं की बुडव’ हा सल्ला त्या पोलादाला जवळजवळ चालून जातो. पाट्याचं पोलाद वेगळं असतं. बहुतेक पाटे दोन घराण्यांतले. एक क्रोमियमवालं, म्हणजे ५१६० किंवा त्याच्या जवळचं: कार्बन ०.५६ ते ०.६४ टक्के, क्रोमियम ०.७ ते ०.९ टक्के, पाजण्याचं तापमान सुमारे ८३० अंश. दुसरं सिलिकॉन-मँगनीजवालं, ९२६० च्या जातीचं: सिलिकॉन २ टक्क्यांच्या आसपास, आणि त्याला ८७० अंशांपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे चुंबक सुटल्यावर अजून ६० ते १०० अंशांची चढण बाकी असते. तुम्ही पायथ्याशीच थांबलात. त्या तापमानाला पोलादाचा काही भागच बदललेला असतो, आणि जो भाग बदललाच नाही तो तेलातून मऊच बाहेर येतो.

रंगावर किती विसंबावं? उन्हात अजिबात नाही. जो लाल अंधाऱ्या खोलीत भडक दिसतो तोच दुपारच्या उजेडात दिसतसुद्धा नाही. भट्टी सावलीत ठेवा आणि रोज त्याच उजेडात काम करा. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि आकडा दाखवणारा साधा मीटर जोडला तर उत्तमच. फक्त त्याचं टोक पात्याशेजारी राहू द्या, ज्योतीत नको. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातलं मीठ कामाला येतं. मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पात्यावर चार खडे टाकले आणि ते पाण्यासारखे पसरले की ८०१ ओलांडलं हे नक्की. क्रोमियमच्या पाट्याला त्यापुढे रंगाची एक छटा, सिलिकॉनच्या पाट्याला दोन छटा. काम संपलं की पातं गरम पाण्यानं धुऊन कोरडं करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच जागी गंजाचे खड्डे दिसतील.

तापताना आणखी एक गोष्ट बघायला शिका. पोलादाच्या आत बदल सुरू झाला की ते उष्णता गिळतं पण स्वतः तापत नाही, त्यामुळे त्या जागी रंगात सावलीसारखा डाग दिसतो. ही सावली पातळ धारेकडून जाड पाठीकडे सरकत जाते. ती पूर्ण नाहीशी झाली म्हणजे बदल पार पडला. सावलीत भट्टी ठेवण्याचं अर्धं कारण हेच आहे. क्रोमियमचं पोलाद यानंतरही ५ ते १० मिनिटं त्याच तापमानावर राहिलं तर कार्बन नीट विरघळतो. उघड्या ज्योतीत हे साधत नाही. टोक पांढरं पडतं आणि मुठीकडचा भाग काळाच राहतो. म्हणून भट्टीत एका बाजूनं बंद केलेला, ७५ मिमी व्यासाचा जाड लोखंडी पाइप आडवा ठेवा, त्यात लाकडी कोळशाचा एक तुकडा टाका आणि पातं त्या पाइपात तापवा. पाइपाची भिंत सगळीकडून सारखी उष्णता देते, कोळसा आतला ऑक्सिजन खातो आणि कातडीतला कार्बन वाचतो. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. तापलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो.

आता मुख्य काम. हातातलं पातं बाजूला ठेवा आणि त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्यातून चार पट्ट्या कापा: ७५ मिमी लांब, २० मिमी रुंद, ४ मिमी जाड. छिन्नीनं त्यांवर १, २, ३, ४ खुणा करा. पहिली चुंबक सुटताक्षणी बुडवायची, दुसरी मीठ वितळल्याबरोबर, तिसरी त्यापुढे एक छटा, चौथी मुद्दाम केशरी होईपर्यंत तापवून. प्रत्येकीची कातडी काढून कानस लावा. मग व्हाइसमध्ये अर्धी पकडून, वर फडकं गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून हातोड्यानं तोडा आणि तुटलेला भाग उजेडात धरा.

वाकली पण तुटली नाही, ती मऊ राहिली. कटकन तुटली आणि आतला रंग राखाडी, मखमलीसारखा, दाणा डोळ्यांना न दिसणारा असेल तर तेच तुमचं तापमान. तुटलेल्या जागी साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर ते पोलाद जास्त तापलं: कानस त्यावरूनही घसरेल, पण सुरी दगडावर पडताच टोक जाईल. चारही पट्ट्या मऊ राहिल्या तर दोष पोलादात किंवा तेलात. त्यातली एक पट्टी, फक्त हीच एक, मीठ वितळल्यानंतर दोन छटा पुढे नेऊन पाण्यात बुडवून बघा. पाण्यातही कडक झाली नाही तर त्या पट्टीत पुरेसा कार्बनच नाही आणि त्यातून सुरी होणार नाही. पाण्यात कडक झाली तर तुमचं तेल मंद आहे.

या चार पट्ट्यांना तासभर लागतो. कुठल्या गाडीचा पाटा, कुठल्या कंपनीचा, तक्त्यात काय लिहिलंय, या सगळ्या चर्चेपेक्षा तो तास जास्त सांगून जातो. जुन्या पाट्यात आणखी एक धोका असतो: लाखो वेळा वाकून आत पडलेल्या केसासारख्या भेगा. कापण्याआधी गंज पूर्ण काढा, रॉकेल लावून अर्धा तास ठेवा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. भेग असेल तर आतलं रॉकेल खडूत झिरपून रेघ उमटते. तो भाग सरळ टाकून द्या. खरं तर पहिल्या चार-पाच सुऱ्यांसाठी नवी, माहितीतली १०८४ ची पट्टी घेणं शहाणपणाचं. पाटा फुकट मिळतो, पण त्याची ओळख पटवण्यात एक सुट्टी जाते.

तेलाबद्दल. वापरलेलं इंजिन ऑइल टाकून द्या. ते घट्ट असतं, थंड असताना आणखी घट्ट, आणि त्याच्या धुरात झिजलेल्या इंजिनातले धातू आणि अर्धवट जळालेले विषारी अंश असतात. कॅनोला किंवा शेंगदाण्याचं साधं खाद्यतेल त्याहून पातळ, वेगवान आणि कमी त्रासाचं. प्रमाण हवं असेल तर हिशेब सोपा आहे: ३०० ग्रॅमचं पातं ८३० अंशांवरून ५ लिटर तेलात गेलं तर तेल साधारण १५ ते २० अंशांनी तापतं. तेच पातं एक लिटरच्या डब्यात गेलं तर तेल ८०-९० अंशांनी तापेल आणि ज्वाळाही उठतील. १२५ मिमी व्यासाचा, ४५० मिमी उंच, बूड वेल्ड केलेला लोखंडी नळा वरचे ५० मिमी सोडून भरला तर जवळपास ५ लिटर बसतात. नळ्याला रुंद पाया हवाच, कलंडलेल्या गरम तेलासारखं संकट दुसरं नाही. धातूचं झाकण हाताशी ठेवा. तेल पेटलं तर झाकण घालून गुदमरवा, पाणी कधीही टाकू नका. खोलीची दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कारण गॅसची भट्टी कार्बन मोनॉक्साइडही सोडते आणि त्याला वास नसतो.

बुडवण्याआधी तेल ५० ते ६० अंशांपर्यंत तापवा. तापवलेला एखादा लोखंडी गज त्यात फिरवला की काम होतं. गरम तेल पातळ असतं आणि पात्याभोवती जमणारं वाफेचं आवरण लवकर फोडतं. हे महत्त्वाचं, कारण १०८४ ला साधारण एका सेकंदात ५५० अंशांखाली यावं लागतं. क्रोमियममुळे पाट्याला काही सेकंदांची सवलत मिळते, पण भट्टी ते तेल हे अंतर तरीही दोन पावलांपेक्षा जास्त नको. पातळ धार हवेतच विझते.

आता वाक. तो तेलात दिसतो, पण त्याची तयारी बहुधा आधीच झालेली असते. ऐरणीवर एका बाजूला जास्त घाव पडले, दोन बाजूंचे उतार सारखे घासले गेले नाहीत, धार कागदासारखी पातळ करून मग पाजली, किंवा पातं तेलात तिरकं शिरलं: यांपैकी एक तरी सापडेलच. पाजण्याआधी धार किमान १ मिमी जाड राहू द्या. दोन्ही बाजू कॅलिपरनं तीन ठिकाणी मोजा, फरक ०.२ मिमीच्या आत आणा. ग्राइंडरच्या ३६ नंबरच्या पट्ट्याचे आडवे ओरखडे १२० पर्यंत घासून लांबीच्या दिशेनं काढा, कारण प्रत्येक आडवा ओरखडा चिरेला वाट देतो. मुठीचा भाग आणि पातं जिथे मिळतात तो आतला कोपरा तीक्ष्ण ठेवू नका, गोल कानशीनं ३ मिमी गोलाई द्या. मुठीच्या पिनांची भोकंही आत्ताच पाडा. पाजल्यावर ड्रिल नुसता किंचाळेल.

यानंतर ताण उतरवायचे. पाइपात पातं ८७० अंशांपर्यंत न्या, बाहेर काढून हवेत लटकवा आणि रंग पूर्ण काळा होऊ द्या. दुसऱ्यांदा ८३०, तिसऱ्यांदा ७८० अंश (सिलिकॉनच्या पाट्याला तिन्ही आकडे ३० अंशांनी वर धरा). फुंकर घालू नका, ओल्या फरशीवर ठेवू नका. प्रत्येक खेपेला दाणा बारीक होतो, आणि आधीच्या घडाईत जास्त तापलेलं पोलादही यातून बऱ्यापैकी सावरतं. प्रत्येक फेरीनंतर पाठीवरून नजर टाकून बघा. वाक दिसला तर पुढच्या फेरीत लाल असतानाच लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्यानं सरळ करा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हौशी लोक सर्वांत आधी हीच गाळतात. तुमचा ३ मिमीचा वाक बहुधा इथूनच आला आहे.

बुडवताना पातं टोक खाली करून, सरळ उभं, एका दमात आत जाऊ द्या. मग सुरी कापते त्या दिशेनं, धार-पाठ, धार-पाठ असं हलवा. बाजूला हलवलंत तर एक गाल आधी थंड होतो आणि पातं वाकतं. अर्धं बाहेर काढून बघण्याचा मोह आवरा, तापलेला भाग तेलाबाहेर आला की भडका उडतो. ७-८ सेकंदांनी बाहेर काढा. या वेळी पोलाद २५० अंशांच्या आसपास असतं आणि कडकपणा नुकताच सुरू होत असतो. जाड चामडी हातमोजे घालून वाकलेलं पातं हातानं सरळ करायला १५-२० सेकंद मिळतात. हाताला पातं ‘ताठ’ लागायला लागलं की थांबा, त्यापुढचा जोर ते तोडेल. मग अॅल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये दाबून व्हाइसमध्ये गार होऊ द्या.

गार झालेलं पातं या क्षणी काचेसारखं आहे. हातातून पडलं तर दोन तुकडे होऊ शकतात, आणि रात्रभर तसंच ठेवलं तर आतल्या ताणानं आपोआपही तडकू शकतं. तासाभरात टेम्परिंगला, म्हणजे ठिसूळपणा उतरवण्यासाठी कमी तापमानावर पुन्हा तापवायला, लावा. क्रोमियमच्या पाट्याला २०० अंश, दोन तासांच्या दोन फेऱ्या, मध्ये पूर्ण गार करून. यातून साधारण ५८-५९ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) मिळतं. १०८४ ला त्याच तापमानाला ६०-६१ राहतं, म्हणून रोजच्या सुरीसाठी तो २१०-२२० वर नेतात. घरगुती ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका, त्यातलं तापमान १५-२० अंश वर-खाली होत राहतं. वाळू भरलेल्या ट्रेमध्ये पातं पुरा आणि वाळूत वेगळा थर्मामीटर खोचा. चकचकीत घासलेल्या जागेवर फिका गवती पिवळा रंग आला तर २०० च्या जवळपास आहात. तपकिरी २५०, जांभळा २७५ च्या पुढे, निळा ३०० च्या आसपास. ‘अजून चिवट होईल’ म्हणून २६० ते ३७० च्या पट्ट्यात नेऊ नका. तिथे कडकपणा तर जातोच, शिवाय ठिसूळपणा वाढतो.

पहिल्या फेरीनंतरही १-२ मिमी वाक उरला असेल तर दुसरी फेरी त्यासाठीच वापरा. जाड, सपाट लोखंडी पट्टीवर पातं ठेवा, फुगीर बाजू वर. वाक असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना खाली २-३ मिमीचे ठोकळे द्या आणि मधोमध क्लॅम्पनं हळूहळू दाबत उलट दिशेला, मूळ वाकाच्या दीड ते दोन पट नेऊन, तसंच ओव्हनमध्ये तासभर ठेवा. सोडल्यावर थोडं परत येतं. कमी पडलं तर क्लॅम्प अर्धा आटा वाढवून पुन्हा. थंड पात्यावर हातोडा मारून सरळ करायला जाऊ नका.

तुमच्या हातातल्या पात्याचा क्रम म्हणून असा: कातडी काढून कानस, मग चार पट्ट्या, मग तीन फेऱ्यांत ताण उतरवणं, मग धार १ मिमी आहे का याची खात्री. धार आधीच ०.५ मिमीपर्यंत घासून झाली असेल तर धारेकडून १-२ मिमी रुंदी मागे घ्या. सुरी थोडी अरुंद होईल, पण पुन्हा पाजताना लाटेसारखी वळणार नाही.

शेवटची घासाई उघड्या हातांनी करा. बेल्ट ग्राइंडरवर हातमोजे तसेही घालू नयेत, पट्टा ते ओढून घेतो. शिवाय बोटांना चटका बसायच्या आत पातं पाण्यात जातं. धारेवर एका जागी निळा डाग आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं, आणि ते रंग पुसून परत येत नाही. तेवढा भाग घासून मागे जाणं एवढाच मार्ग. धूळ बारीक असते, म्हणून चांगला मास्क हवा. लाकडाची मूठ घासताना तर नक्कीच.

मूठ लावण्याआधी धारेची एक परीक्षा बाकी आहे. ६ मिमीचा पितळी गज व्हाइसमध्ये आडवा धरा आणि धारदार केलेलं पातं, दगडावर लावता त्याच कोनात, हलक्या दाबानं त्यावरून सरकवा. धार गजावर किंचित लवताना दिसली पाहिजे आणि गज सरकला की परत सरळ. लवून तशीच राहिली तर पाणी कमी पडलं किंवा मऊ कातडी अजून निघालेली नाही, आधी ०.२ मिमी आणखी घासून पुन्हा बघा. धारेला बारीक दात पडले तर १०-१५ अंश जास्त ठेवून टेम्परिंगची आणखी एक दोन तासांची फेरी द्या आणि पुन्हा गजावर घ्या.